विषय क्रमांक एक : विचार करणे

ही गोष्ट मी मधूनच सुरू करतो आहे. सुरुवातीपासून सुरू होणाऱ्या गोष्टींनी वाचकाला झोप येते आणि मी आयुष्यभर वाचकाच्या झोपेविरुद्ध लढतो आहे. आजवर दर वेळी झोप जिंकली, हा भाग वेगळा.

तर मधून.

पोलीस चौकीतल्या जमादारांनी माझा अर्ज हातभर लांब धरला आणि वाचला.

"नाटक, 'माग'. काय मागायचं?"

"मागायचं नाही. माग म्हणजे यंत्रमाग. शिवाय माग म्हणजे तुझा हक्क माग, असाही अर्थ निघतो. शिवाय माग काढणं, म्हणजे..."

"माग काढायचं काम आमचं," जमादार म्हणाले. "आणि हे काय लिहिलंय? 'प्रेक्षकांना विचार करण्यास प्रवृत्त करणारे.' प्रवृत्त करणे! साहेब, हा शब्द आमच्याकडे फक्त गुन्ह्यात येतो."

"नाटकात तो चांगल्या अर्थानं आहे."

"किती जण विचार करणार?"

"सगळे."

"एकदम?"

या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता.

"हे बघा," जमादार जरा मायेनं म्हणाले, "भिवंडी आहे ही. इथे माणसं जमली की आमच्या रजा रद्द होतात. लावणी ठेवा, मी स्वतः बंदोबस्ताला येतो. पण माणसं जमवायची आणि त्यांना विचार करायला लावायचा, याला कुठलं कलम लावायचं तेच मला कळेना. आधी मुंबईहून नाटक पास करून आणा. मग वाहतुकीचा दाखला, मग लाउडस्पीकरचा." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी ना? मग नाटक कशाला करता? सभा घ्या. आपलं आवार, आपले सभासद. सभेला आम्ही कधी आडवे येत नाही. सभेत कुणी विचार करत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे."

पाटी : थांबा.

ही पाटी नाटकातली आहे. नाटक ऐन रंगात आलं की माझी पत्नी सुनीती ती प्रेक्षकांसमोर धरते, म्हणजे धरणार होती. हेतू असा, की प्रेक्षकानं रंगून जाऊ नये. रंगलेला प्रेक्षक विचार करत नाही. माझ्या आधीच्या नाटकांत कुणी रंगलं नव्हतं. तेव्हा पाटीची गरज नव्हती असं माझे टीकाकार म्हणतील. पण मला टीकाकारही नव्हते.

पाट्या एकूण तीन. 'थांबा', 'विचार करा' आणि 'का?'. त्या कल्याण नाक्यावरच्या रघू पेंटरकडून रंगवून घेतल्या. रघूचा हात टेम्पोच्या पाठीमागचा मजकूर लिहून घडलेला. त्यानं 'थांबा'च्या दोन बाजूंना दोन कमळं काढली, 'विचार करा'च्या खाली 'शुभ यात्रा' लिहिलं आणि 'का?' या पाटीवरच्या प्रश्नचिन्हाच्या टिंबात एक डोळा काढला. "नजर नको लागायला," म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं उगाच घडल्यासारखं वाटेल. भिवंडीच्या कामतघर भागातल्या आमच्या 'नवविचार सहकारी गृहनिर्माण संस्थे'ला तळमजल्यावर एक हॉल होता. त्याची एकच किल्ली होती आणि ती सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे असे. आमच्या तीन बाजूंना माग चालतात. दिवसपाळी, रातपाळी, खटाक् खटाक्. बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललेलं प्रेमाचं वाक्यही भांडणासारखं ऐकू येतं. हॉलला मात्र जाड भिंती आणि एकच खिडकी. सगळ्या कामतघरात स्वतःचं मन ऐकू येईल अशी ती एकच जागा. तिथे पंख्याखाली बसून मी लिहायचो आणि लिहिलेलं मोठ्यानं म्हणून बघायचो. किल्ली गेली तर मी गेलो. लेखक म्हणून गेलो, असं म्हणायचं आहे. बँकेतला कारकून तसाच राहिला असता, पण त्याची काळजी बँक करते.

(इथे सुनीतीच्या स्वभावाविषयी एक परिच्छेद होता. तिनं तो वाचला. आता तो नाही.)

जमादारांचा सल्ला मानून मी नोटीस काढली. विशेष सर्वसाधारण सभा, वार शुक्रवार, संध्याकाळी. शुक्रवार यासाठी की त्या दिवशी माग बंद असतात. रविवारी घेण्याची सोय नव्हती. हे एकोणनव्वद सालचं सांगतो आहे. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर देव आणि संध्याकाळी सिनेमा येई, आणि दोघांशी स्पर्धा करणारं नाटक अजून कुणी लिहिलेलं नाही. नोटिशीत 'नाटक' हा शब्द मी कटाक्षानं टाळला. लिहिलं, 'विषय क्रमांक एक : विचार करणे.' आणि खाली, 'विषय क्रमांक दोन : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' हा दुसरा विषय मी लिहिला नाही, माझ्या हातानं लिहिला. कारकुनाचा हात नोटिशीच्या शेवटी आपोआप तिथेच जातो.

नोटीस लागल्याबरोबर सल्ले आले.

पहिले आले अध्यक्ष भाऊ कर्णिक. भाऊ पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण हेडक्लार्क त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. सोसायटीचे उपविधी ते झोपेत म्हणतात. त्यांचा जावई कापडाच्या ताग्यांचा दलाल. भिवंडीत मोकळी जागा दिसली की माणसाला तिथे तागे रचलेले दिसू लागतात, तसे भाऊंना आमच्या हॉलमध्ये केव्हापासूनच दिसत होते.

"शरदराव, नाटक आहे ना ते?" भाऊ म्हणाले. (माझं नाव शरच्चंद्र. ते पुरतं उच्चारण्याचे कष्ट कामतघरात कुणी घेतलेले नाहीत.) "गोष्ट काय?"

"मागाचा मालक आणि कामगार यांचा संघर्ष."

"शेवटी मालकाला पश्चात्ताप होतो?"

"नाही."

"मग मुलीचं लग्न तरी होतं?"

"शेवट नाहीच, भाऊ. नाटक अर्ध्यावर थांबतं. कामगार प्रेक्षकांना प्रश्न विचारतो. प्रेक्षक अस्वस्थ होऊन घरी जातात."

"आणि उत्तर कोण देतं?"

"कुणीच नाही. उत्तर द्यायचंच नसतं."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पंचायत समितीत सही नसलेल्या कागदाकडे पाहत असतील.

मग तळमजल्यावरच्या विद्युल्लताबाई. शाळेतल्या गाण्याच्या बाई. "मी मध्ये एक भक्तिगीत म्हणू का? लोक विचार करत असतील तेव्हा? मागे काहीतरी चालू असलं की बरं वाटतं हो." त्यांना हॉल दर मंगळवारी भिशीसाठी हवा होता आणि दर मंगळवारी मला नेमकं सुचत असे. तेव्हा भक्तिगीताला मी नाही म्हटलं, ते त्यांनी भिशीच्या खात्यावर जमा केलं.

सगळ्यात मोठा अपमान केला तो शेजारच्या कारखान्याच्या हनीफशेठनी. वर्गशत्रू म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तेच होते. नाटकाची कुणकुण लागून ते स्वतः आले. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. धमकी येणार, मग मी निर्भयपणे नकार देणार, मग ती बातमी निदान ठाणे शहरापर्यंत जाणार.

"सुना है हमारे ऊपर ड्रामा बनाया?"

"बनाया," मी म्हणालो.

"बहुत अच्छा! मालिक का नाम क्या रखा?"

"नाम नहीं है. वो एक प्रवृत्ती है."

"अरे, प्रवृत्ती क्यों? हमारा नाम डालो ना. और परदा हमारी तरफ से. नीचे कंपनी का नाम बड़ा करके लिखना." आणि संध्याकाळी खरंच कोऱ्या कापडाचा एक तागा आला. ज्याच्याविरुद्ध नाटक, त्याचाच पडदा! मी परत पाठवणार होतो. सुनीती म्हणाली, "चांगलं जाड आहे. ठेवा."

सुनीतीला मी पाट्या धरायला दिल्या. पाट्या धरणं ही नाटकातली सर्वांत वैचारिक भूमिका आहे, हे मी तिला नीट समजावलं.

"बोलायचं काही नाही ना?" तिनं विचारलं.

"एक शब्दही नाही."

"मग घरचीच भूमिका आहे. जमेल."

मालक मी. कामगारासाठी आमचा पंप चालवणारा बाळाराम धरला. तो दिघाशी गावचा. अस्सल श्रमिक आपल्याच जिन्याखाली राहत असताना नट कशाला शोधायचा? पण अस्सल श्रमिकाच्या कल्पना वेगळ्या होत्या.

"बाळाराम, तू पिचलेला कामगार आहेस."

"मी न्हाय साहेब पिचलेला. दिघाशीच्या जत्रंला नाटकात मी दरसाल राजा असतो. मुकुट माझा घरचा हाय. आन् आता फाटका बनियन घालून उभा ऱ्हाऊ? गावची मानसं काय बोलतील?"

"गावची माणसं कुठे येणारेत?"

"मी बोलावलीत ना!"

पुष्कळ रदबदली झाली. बनियन त्यानं घातला, पण मुकुट काढला नाही. शेवटी मी मुकुटाचा अर्थ लावला, की श्रमिक हाच खरा राजा. प्रायोगिक रंगभूमीवर जे जमत नाही त्याला प्रतीक म्हणतात.

मध्यंतर. (चिवडा नाही. चिवड्यानं विचारात खंड पडतो.)

शुक्रवार उजाडला. माग बंद. या दिवशी कामतघरात अशी शांतता पसरते की माणसं बेचैन होतात, उगाच एकमेकांच्या घरी जाऊन भांडी आपटतात. ठरल्या वेळेला हॉलमध्ये कोणी नव्हतं. भाऊंनी रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून सांगितलं, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं याच ठिकाणी." मला वाटलं, म्हातारा गंमत करतो आहे. अर्ध्या तासानं हॉल खच्चून भरला. आमच्याकडे सभेला वेळेवर येणं म्हणजे अर्धा तास उशिरा येणं, हे मी सेक्रेटरी असून विसरलो होतो.

पण इतकी माणसं? माझ्या नाटकाला? मी भारावलो. पुढे कळलं ते असं. सरकारी कचेरीच्या भाषेत 'विचार करणे' याचा अर्थच निराळा. "या माणसाचा एकदा विचार करायला हवा," असं हेडक्लार्क म्हणाला की समजायचं, त्या माणसाची उचलबांगडी जवळ आली. नोटीस वाचून भाऊंनी घरोघरी शांतपणे एवढंच विचारलं होतं, "सेक्रेटरीनं स्वतःच सभा लावलीय, विचार करायला. कुणाचा करायचा ते ठरवून या."

आणि बोर्डावरच्या त्या नोटिशीखाली सही माझी.

पुढचं मी नाटकाच्या पद्धतीनं लिहितो, कारण ते नाटकच होतं. निदान मी तसं समजत होतो.

(हनीफशेठचा पडदा बाजूला होतो. सोसायटीच्या हात असलेल्या एकुलत्या एक खुर्चीत मालक बसला आहे. समोर मुकुट घातलेला कामगार. मागच्या रांगेतून दिघाशीकर शिट्या मारतात.)

मालक : उत्पादन वाढव! खाडा करू नकोस!

कामगार : (मुकुट सावरून, जत्रेतल्या आवाजात) प्रधानजी!

मालक : (दबल्या आवाजात) प्रधान नाही. मालक, मालक.

कामगार : मालकजी! रक्ताचं पानी केला मी! आता मी या जनतेला इचारतो!

(सुनीती 'थांबा' दाखवते. सगळे थांबतात. मग 'विचार करा' दाखवते. पहिल्या रांगेतून कुणीतरी 'शुभ यात्रा' मोठ्यानं वाचतं.)

कामगार : (प्रेक्षकांकडे हात करून) ह्या मानसाला ह्या खुर्चीत बसवला कोनी?

इथे माझ्या संहितेत एकच शब्द आहे, 'शांतता'.

"आम्ही," भाऊ कर्णिक उभे राहून म्हणाले. "गेल्या वार्षिक सभेत. आणि ती आमची चूक झाली."

"झालीच," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"मग सध्याच्या सेक्रेटरींना पदमुक्त करावं, असा ठराव मी चर्चेला घेतो. सूचक?"

"मी," बाई म्हणाल्या.

"अनुमोदक?"

हातच हात. दिघाशीकरांनी दोन्ही हात वर केले. ते सभासद नव्हते, पण राजानं विचारलं होतं.

"अहो, हे नाटक आहे!" मी खुर्चीतूनच ओरडलो.

भाऊंनी खिशातून नोटीस काढली. "यात नाटक हा शब्द कुठे आहे, दाखवा. विषय एक, विचार करणे. झाला करून. खाली सही कुणाची?"

"माझी, पण..."

"उठा आता शरदराव," बाई म्हणाल्या. "खुर्ची सोडा."

"मी मालक आहे! माझा प्रवेश संपलेला नाही!"

"साहेब," बाळाराम माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "उठा. जत्रंत पन राजानं उठवला की प्रधान उठतो."

मी उठलो. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवताना मला वाटत होतं, निदान एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येईल. विद्युल्लताबाईंनी चष्मा पुसला. काच धुरकट झाली होती म्हणून.

"विषय दोन," भाऊ घाई करत म्हणाले. "आयत्या वेळचे विषय. अध्यक्ष म्हणून मी परवानगी देतो. अध्यक्ष म्हणून मीच मांडतो. हॉल विनावापर पडून असतो, तो तागे ठेवायला गोडाऊन म्हणून द्यावा. माझ्या परिचयाचे एक सज्जन घ्यायला तयार आहेत."

आता नाटकाच्या क्रमानं तिसरी पाटी होती. सुनीती आपल्या जागी उभीच होती. तिला कुणी सभा संपल्याचं सांगितलं नव्हतं, नाटक संपल्याचंही नाही. तिनं पाटी वर केली.

पाटी : का?

शांतता झाली. माझ्या संहितेतली, पण उशिरा आलेली. माग बंद, पंखा बंद, आणि सगळी सोसायटी त्या टिंबातल्या डोळ्याकडे बघत होती.

"खरंच, का?" मागून एक आवाज आला.

"आग लागली तर? वर आमची बिऱ्हाडं आहेत."

"परिचयाचे म्हणजे कोण हो, भाऊ? जावई ना?"

"आणि मग आमच्या भिशीचं काय?" बाई म्हणाल्या. त्यांना आत्ता कळलं होतं, की किल्ली माझ्याकडून निघाली म्हणून ती त्यांच्याकडे येते आहे असं नाही.

"सकाळी पाणी का येत नाही ते पण विचारा!"

"राजाला सवाल?" बाळाराम गरजला. पण त्यालाही विचारलं. मग जिन्यातला दिवा का नाही, मग गच्चीला कुलूप का, मग सभेला अर्धा तास उशिरा का यायचं. ज्या माणसांनी दहा वर्षं डुलक्या काढत हात वर केले, ती माणसं खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसली होती. भाऊ घामाघूम. उपविधी त्यांना आठवेनात.

लक्षात घ्या काय घडत होतं. प्रेक्षक विचार करत होते. ज्याची मी आयुष्यभर वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या पाटीमुळे, माझ्या हॉलमध्ये घडत होतं. आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

कारण पुढचा प्रश्न असा आला, "हॉल वर्षभर बंद का होता?"

"विजेचं बिल सोसायटी भरते. आत पंखा कुणासाठी चालायचा?"

"साहेब एकटंच बोलत बसायचं आत," बाळाराम म्हणाला. "मी खिडकीतून बघितलाय. कधी रडायचं, कधी स्वतालाच टाळ्या द्यायचं."

लोक हसले. विचार करणाऱ्या माणसांचं हसणं फार वाईट असतं. झोपाळू प्रेक्षक निदान घोरतो, त्यात व्यक्तिगत काही नसतं.

भाऊ माझ्याजवळ सरकले. हेडक्लार्क बुडू लागला की कुणाचाही हात धरतो. "शरदराव," ते कुजबुजले, "एक कोपरा तुमचा. टेबल राहील, दुसरी किल्ली करून देतो. तागे असले की आवाज बिलकुल येत नाही आत. नुसतं अनुमोदन द्या." मग मोठ्यानं, "ठराव असा, की हॉल गोडाऊनला द्यावा, त्यात सांस्कृतिक कार्यासाठी एक कोपरा राखावा, आणि यापुढे संस्थेच्या कुठल्याही सभेत वा कार्यक्रमात सभासदांना प्रश्न विचारून त्यांच्या मनात चलबिचल निर्माण करू नये. सूचक मी. अनुमोदक?"

एकही हात वर नाही. सगळे खरोखरच विचारात होते. एवढा वेळ कुणी हात वर केला नाही, असं 'नवविचार'च्या इतिहासात झालं नव्हतं. सुनीती पाटी धरून माझ्याकडे पाहत होती. पाटीवरचा डोळाही.

मी हात वर केला.

याला कुणी काही म्हणो. मी त्याला शेवट म्हणतो. नाटकाला शेवट नको हे माझं मत होतं आणि आहे, पण त्या दिवशी फार वेळ झाला होता. आणि खरं सांगायचं तर लोकांनाही सुटल्यासारखंच वाटलं. एक हात वर गेल्यावर त्यांना आपला हात कुठे ठेवायचा ते आठवलं. भराभर हात वर झाले. मग टाळ्या. माझ्या नाटकाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

"सर्वानुमते मंजूर," भाऊ म्हणाले.

"सर्वानुमते कसं?" सुनीती म्हणाली. संहितेत तिला एकही शब्द नव्हता, हे मी वर सांगितलंच आहे. "माझा विरोध आहे."

"वहिनी, एका घरचं मत एकच धरतात," भाऊ म्हणाले.

हल्ली मी कोपऱ्यात लिहितो. चहूबाजूंनी तागे. भाऊ खोटं बोलले नाहीत, आवाज मुळीच येत नाही. माझाही येत नाही. म्हटलेलं वाक्य कापडात शिरतं आणि तिथेच राहतं. अनेक प्रायोगिक नाटकांना असंच प्रेक्षागृह लाभावं. या वर्षी जमिनीला ओल आली, तागे खालून भिजू लागले. जावयानं सांगितलं, काहीतरी फळकुटं द्या खाली घालायला. 'थांबा' आणि 'विचार करा' या पाट्या होत्याच, जाड लाकडाच्या. त्या घातल्या. एक कोपरा तेवढा राहिला. तिथे तिसरी पाटी बरोबर बसली असती.

ती आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर ठोकलेली आहे. मी घरी जाऊन मागितली.

सुनीती म्हणाली, "का?"